लॅव्हेंडरच्या गावातलं लग्न

मी बडोद्याची. माहेर दांडिया बाजारातलं, सासर रावपुऱ्यातलं, म्हणजे सगळं आयुष्य सुरसागरच्या आजूबाजूलाच गेलं. आमची घराणी गायकवाडांच्या काळात इकडे आली आणि इथलीच झाली. घरात मराठी, दाराबाहेर गुजराती, आणि भांडताना दोन्ही. आज मात्र फ्रान्सबद्दल लिहायचंय. धाकट्या लेकीचं लग्न तिथल्या एका खेड्यात झालं, त्याला आता वर्ष होईल. भेटेल तो विचारतो, "फार स्टायलिश असेल ना हो तिथलं लग्न?" प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

तसं म्हटलं तर बडोद्याच्या मराठी माणसाला फ्रेंच थाट अगदी परका नाही. सयाजीराव महाराजांची लेक इंदिराराजे आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. ग्वाल्हेरच्या महाराजांशी ठरलेलं लग्न त्यांनी १९११ साली स्वतः पत्र लिहून मोडलं आणि १९१३ साली कूचबिहारच्या राजपुत्राशी लग्न केलं. तिसाव्या वर्षी, १९२२ साली त्यांना वैधव्य आलं. त्यानंतर त्या कोपऱ्यात बसल्या नाहीत. राज्याचा कारभार पाहिला आणि फ्रान्सहून शिफॉन मागवून त्याच्या साड्या नेसल्या. शिफॉनच्या साडीची फॅशन हिंदुस्थानात रुजवली ती त्यांनी, आणि पुढे त्यांच्या कन्या गायत्रीदेवींनी ती घरोघरी पोचवली. माझी आई ही गोष्ट इतक्या अभिमानाने सांगायची की जणू इंदिराराजे आमच्याच वाड्यात राहायच्या.

आईकडे एक फ्रेंच शिफॉन होती. मोतिया पांढरी, बोटभर जरीची किनार वेगळी आणून हाताने लावलेली. साठच्या दशकात बाबांनी मुंबईहून आणली होती. आई ती वर्षातून एकदा नेसायची आणि तीनशे चौसष्ट दिवस सांभाळायची. मलमलच्या फडक्यात गुंडाळलेली, मध्ये वाळ्याची जुडी, आणि दर तीन महिन्यांनी घडी बदलायची. "घडीवर घडी पडली की शिफॉन तिथेच फाटतं," असं ती म्हणायची. आई गेल्यावर ती साडी माझ्याकडे आली. या साडीचं पुढे काम आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

धाकटी इथल्याच फाइन आर्ट्सची. पुढे वस्त्रकला शिकायला फ्रान्समध्ये लिऑनला गेली. लिऑन म्हणजे रेशमाचं शहर. आपल्याकडे कापडबाजारात 'जेकार्ड' म्हणतात तो माग १८०४ साली याच शहरातल्या जाकार्ड नावाच्या माणसाने बनवला. तिथेच तिला आमचे जावई भेटले. मुलगा शांत, हिला शोभेल असा हट्टी. लग्न कुठे करायचं यावर मला वाटलं होतं पॅरिस म्हणतील. तर म्हणाले, मुलाच्या आईवडलांच्या गावी. दक्षिणेकडे द्रोम नावाचा जिल्हा आहे, तिथे न्योंस या ऑलिव्हसाठी प्रसिद्ध गावाच्या जवळ डोंगराच्या पायथ्याला त्यांचं खेडं. पॅरिसहून वेगवान गाडीने व्हालांसला उतरायचं आणि पुढे मोटारीने. जुलैचा पहिला आठवडा होता. वाटेत दोन्ही बाजूंना जांभळ्या रांगा, खिडकी उघडली की वास, आणि मधमाश्यांचा आवाज थेट गाडीत.

आता साडीची गोष्ट. मी लग्नासाठी आईची शिफॉन बॅगेत घेतली होती. यजमान जाऊन अकरा वर्षं झाली. मला कोणी रंग सोडायला सांगितलं नाही, पण हात आपोआप फिक्या साड्यांकडेच जायला लागला होता. आणि फ्रान्समध्ये फ्रेंच शिफॉन, म्हटलं याहून शोभणारं काय असेल! धाकटीने बॅग उघडली, साडी पाहिली आणि म्हणाली, "आई, इथे लग्नात पांढरं फक्त नवरी घालते. पाहुण्यांनी पांढरं घालणं वाईट दिसतं."

"मग मी काय नेसू?"

"तुझा शालू आणलायस ना? मी आणायला सांगितला होता."

माझा लग्नातला डाळिंबी बनारसी शालू तिने खरंच आणायला सांगितला होता. मला वाटलं होतं तिला स्वतःला हवाय. तर ती म्हणाली, "आजीची शिफॉन मी नेसते. शालू तुझा, तूच नेस."

हे मी रात्री फोनवर बडोद्याला सांगितलं. मोठ्या जाऊबाई दोन मिनिटं काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "नवरी पांढऱ्यात आणि तू लाल-बिलात? उलटंच झालं ने सगळं." त्यांच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. मलाही रात्रभर झोप लागली नाही.

त्याचं कारण सांगायला हवं. थोरलीचं लग्न सात वर्षांपूर्वी बडोद्यातच झालं. वडील नव्हते, म्हणून कन्यादान मोठ्या दीर-जाऊंनी केलं. त्यांनी मनापासून केलं, खर्चालाही हात लावला, त्यात त्यांचं काही कमी नव्हतं. मी मात्र त्या वेळी मागच्या खोलीत आहेराच्या पिशव्या मोजत होते. 'तू इथेच बस' असं कोणी म्हटलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं, त्यामुळे कोणाला काही म्हणावंच लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी विहीणबाईंना मदत करायला गेले. मंडळी, फ्रेंच स्टाइल म्हणून जे काही मी पाहिलं ते त्यांच्या कपाटात पाहिलं. त्यांनी उघडलं तर चादरींच्या थप्प्या. जाड लिननच्या, आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यात भरतकामाची दोन अक्षरं. त्यांच्या आजीने लग्नाआधी स्वतः भरलेली. पूर्वी तिकडे मुली लग्नाच्या आधी वर्षानुवर्षं असे कपडे, चादरी, रुमाल तयार करून ठेवायच्या. आपलं रुखवतच की! थप्प्यांच्या मधे लॅव्हेंडरच्या छोट्या पिशव्या, कसर लागू नये म्हणून. लॅव्हेंडरमध्येही दोन जाती असतात हे त्यांनी सांगितलं. उंच डोंगरावर होतं ते खरं, त्याचा वास मऊ. खाली सपाटीला दिसतं ते बहुतेक लॅव्हांडँ नावाचं संकरित झाड. त्याला तेल जास्त सुटतं, वास तिखट, ते साबणात आणि कपडे धुण्याच्या पावडरीत जातं. कपाटात मात्र डोंगरावरचंच.

मी माझ्या साडीतली वाळ्याची जुडी त्यांना दिली. त्यांनी नाकाशी धरली आणि ओरडल्याच, "वेतिव्हेर!" त्यांच्या वडलांचं अत्तर त्या वासाचं होतं म्हणे. फ्रेंच अत्तरवाले वाळ्याला याच नावाने ओळखतात, आणि तो शब्द मूळचा तमिळ. मग मी मोठ्या ऐटीत साडी दाखवली आणि म्हटलं, "शिफॉन!" तर विहीणबाई गोंधळल्या, मग हसू दाबायला लागल्या. धाकटीने सांगितलं की फ्रेंचमध्ये 'शिफॉन' म्हणजे चिंधी, फडकं. या कापडाला ते रेशमी मुसलीन म्हणतात. आईने जन्मभर जपलेल्या साडीचं नाव चिंधी! आई असती तर आधी चिडली असती आणि मग सगळ्यात जास्त तीच हसली असती.

जेवणाची मांडणी झाडाखाली होती. लांब टेबलं, त्यावर आजीच्या त्या चादरी, आणि एकही बशी दुसरीसारखी नाही. काही घरातल्या, काही शेजाऱ्यांकडून, काही जुन्या बाजारातून वर्षभर जमवलेल्या. फुलं म्हणजे बागेतले पांढरे गुलाब, ऑलिव्हच्या फांद्या, रस्त्याकडेची रानटी बडीशेप. फुलवाला नाही, डेकोरेटर नाही. जावयांचे मामा पहाटे कात्री घेऊन निघाले आणि दोन बादल्या भरून आले. मला आठवलं, आमच्या लहानपणी वाड्यातल्या लग्नात हेच असायचं. सतरंज्या एकाच्या, पातेली दुसऱ्याची, खाली नावं कोरलेली, आणि नंतर आठवडाभर कोणाची कळशी कोणाकडे गेली याचा शोध.

मेणबत्त्यांबद्दल सगळ्याच जणी विचारतात, म्हणून तेही सांगते. सुवासिक मेणबत्त्यांत पॅरिसची मोठी नावं आहेत. त्रूदों हे १६४३ सालापासूनचं घराणं, व्हर्सायच्या दरबाराला मेणबत्त्या पुरवणारं. दिप्तीक हे १९६१ साली तीन मित्रांनी काढलेलं दुकान, आधी कापडं विकायचे, सुवासिक मेणबत्त्या १९६३ पासून. धाकटीने मला त्यांची एक दिली, तेवढ्या पैशांत आमची महिन्याची भाजी येते. पण लग्नाच्या टेबलावर सगळ्या मेणबत्त्या साध्या, बिनवासाच्या. विहीणबाई म्हणाल्या, जेवताना वास जेवणाचाच यायला हवा. सुवासिक मेणबत्ती बाहेरच्या खोलीत, पाहुणे येण्याआधी तासभर. पहिल्यांदा लावली की वरचं मेण कडेपर्यंत पूर्ण वितळू द्यायचं, नाहीतर मधे खड्डा पडतो. वात दर वेळी कापून लहान करायची. आणि फुंकर मारायची नाही. लांब दांड्याची पितळी टोपी असते, ती ज्योतीवर ठेवून मेणबत्ती शांत करायची. हे ऐकून मला आजीच आठवली. दिवा फुंकून विझवला की तिचा धपाटा ठरलेला. तिकडे म्हणतात फुंकर मारली की धूर होतो आणि मेण उडतं, आपल्याकडे म्हणतात अग्नीचा अपमान होतो. हात मात्र दोन्हीकडे सारखाच थांबतो.

आता प्रत्यक्ष लग्न. फ्रान्समध्ये १७९२ पासून कायद्याने खरं लग्न तेच, जे गावच्या नगरपालिकेत लागतं. चर्चमध्ये जायचं तर त्यानंतर. आधी दहा दिवस दारावर नोटीस लागते, आणि लग्न लागताना हॉलचे दरवाजे उघडे ठेवावे लागतात, म्हणजे कोणाची हरकत असेल तर आत येता यावं. दुपारी तीनची वेळ. सगळे घरापासून पायीच निघाले. तिकडची रीत अशी की नवरीबरोबर वडील चालतात आणि नवऱ्याबरोबर त्याची आई. धाकटीने काही न विचारता माझा हात धरला. तिच्या अंगावर माझ्या आईची पांढरी शिफॉन, माझ्या अंगावर तेहेतीस वर्षांपूर्वीचा शालू. गावातली माणसं दारात उभी राहून टाळ्या वाजवत होती. मला खरं सांगायचं तर चालताना एकच भीती होती, मागून कोणीतरी हळूच म्हणेल, 'अहो, तुम्ही जरा बाजूला.' मागे वळून पाहिलं तर थोरली चालत होती, बहिणीची साक्षीदार म्हणून. तिने नुसती मान हलवली, चाल म्हणून.

महापौर म्हणजे साध्याच बाई, द्राक्षांची शेती असलेल्या. खांद्यावरून निळा-पांढरा-लाल पट्टा. त्यांनी कायद्याची कलमं वाचून दाखवली. नवरा-बायकोने एकमेकांना आदर द्यावा, एकनिष्ठ राहावं, अडीअडचणीला मदत करावी, साथ द्यावी, मुलांना दोघांनी मिळून वाढवावं. धाकटीने आदल्या रात्रीच मला सगळं मराठीत सांगून ठेवलं होतं, त्यामुळे कळत होतं. मग दोघांना एकेकदा विचारलं, दोघांनी हो म्हटलं, वहीत सह्या झाल्या. पंधरा-वीस मिनिटं. यात मुलगी कोणी कोणाला दिली नाही. दान करायला कोण योग्य आणि कोण नाही, हा प्रश्नच तिथे नव्हता.

संध्याकाळी बागेत आपल्या पद्धतीचंही थोडं केलं. भटजी नव्हते. अंतरपाट म्हणून विहीणबाईंनी आजीची एक चादर काढून दिली. आपण अंतरपाटावर कुंकवाचं स्वस्तिक काढतो, ते काढलं नाही. त्या चिन्हाचा तिकडे वेगळाच अर्थ आहे. याच द्रोम जिल्ह्यात, वेरकोरच्या डोंगरात, १९४४ साली जर्मन फौजांनी गावं जाळली, आणि ते पाहिलेल्या घरातली म्हातारी माणसं समोर बसली होती. 'श्री' काढला, धुतला जाईल अशा हळदीने. मंगलाष्टकं मी म्हटली. आवाज पहिल्या कडव्याला कापला, नंतर लागला. अक्षता म्हणून तांदळात लॅव्हेंडरचे दाणे मिसळले होते, तिकडेही नवरा-नवरीवर ते टाकतात. त्यामुळे बडोद्याच्या कुंकवाचे तांदूळ आणि द्रोमचे दाणे एकत्रच पडले.

गावातल्या सगळ्यांना एक पेला वाइन आणि खारं-गोड खाणं, याला 'वँ दोनर' म्हणतात, मानाची वाइन. रात्रीच्या जेवणाला फक्त घरची साठ माणसं. कोणाला बोलावलं नाही हे भांडण यामुळे बरंच मिटतं, आपल्याकडे घेण्यासारखं आहे. शेवटी केक नाही, तर लहान मोदकाएवढे क्रीम भरलेले पोकळ गोळे पाकात बुडवून रचलेला उंच मनोरा. रुखवतातला लाडवांचा मनोरा आठवा, तसाच.

आणि मग विहीणबाई प्रत्येक पाहुण्याला जाळीच्या कापडाची छोटी पुरचुंडी देत आल्या. आत साखरेत घोळलेले पाच बदाम. आरोग्य, संपत्ती, सुख, संतती, दीर्घायुष्य, असे पाच. माझ्या एका हातात बशी होती, दुसऱ्यात पेला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, माझ्या पदराचा ओचा हाताने धरला आणि पुरचुंडी त्यात टाकली. त्यांच्यासाठी ती फक्त सोय होती. मला मात्र अकरा वर्षांत कोणी पदरात बदाम घातला नव्हता. आपण ओटीत काय काय घालतो ते तुम्हाला सांगायला नको. मी तशीच उभी राहिले. त्या घाबरून म्हणाल्या, काही चुकलं का? धाकटीने त्यांना काय सांगितलं माहीत नाही, पण त्या परत आल्या आणि अजून एक पुरचुंडी घालून गेल्या.

रात्री एक वाजता टेबलावरच्या मेणबत्त्या टोपीने शांत करत आम्ही दोघी मायलेकी, म्हणजे थोरली आणि मी, मागे राहिलो. ती म्हणाली, "आई, माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये तू शोधावी लागतेस. एकूण चार फोटो आहेत तुझे, त्यातल्या दोनात पाठ." सात वर्षांत ती हे कधी बोलली नव्हती.

परत आल्यावर काय काय बदललं, तेवढं सांगून संपवते. चादरीत आता लॅव्हेंडर नाही, वाळाच घालते, आपल्याकडे तो स्वस्त आणि चांगला मिळतो. माळ्यावरची पितळी ताटं काढली आणि रोज त्यात जेवते. ती महागडी मेणबत्ती पाहुणे यायच्या आधी तासभर लावते. आणि शालू आता तळाशी नसतो.

आता ताजी बातमी. मोठ्या जाऊबाईंच्या धाकट्या मुलाचं लग्न येत्या माघात आहे. भायलीच्या बाजूला पार्टी प्लॉट घेतलाय आणि डेकोरेटरने 'फ्रेंच कंट्रीसाइड थीम' सुचवली आहे. प्लॅस्टिकचं लॅव्हेंडर, थर्माकोलचा आयफेल टॉवर आणि दीडशे सुवासिक मेणबत्त्या, त्याही जेवणाच्या टेबलावर! जाऊबाईंनी मला बोलावलं, "तू तिकडे जाऊन आलीस ने, जरा बघ." मी म्हटलं, टॉवर काढा, खेड्यात टॉवर नसतो. प्लॅस्टिकऐवजी निशिगंध आणा, आपल्या बाजूला शेतातून थेट येतो. टेबलावर तुमच्या सासूबाईंच्या, म्हणजे आपल्या दोघींच्या सासूबाईंच्या चादरी घाला, बघा ट्रंकेत असतील. डेकोरेटरचं तोंड उतरलं, पण जाऊबाईंनी ट्रंक उघडायला लावली. चौदा निघाल्या.

मग मी म्हटलं, "वहिनी, एक सांगू? नव्या सुनेची ओटी मला भरायची आहे. मांडवात, सगळ्यांसमोर."

त्या बराच वेळ चादरीची घडी घालत राहिल्या. मग म्हणाल्या, "कुठली साडी नेसशील ते आधी सांग. फोटोत शेजारी उभं राहायचं तर रंग जुळायला नको?"

मी डाळिंबी शालू सांगितलाय. माघात फोटो टाकीन.

तोवर तुमच्याकडे कोणाच्या ट्रंकेत जुनी फ्रेंच शिफॉन असेल तर घडी बदलून ठेवा. आणि इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबादकडच्या मंडळींनो, तुमच्याकडे ओटी कोण भरतं आणि कोणाला मागच्या खोलीत बसवतात, तेही लिहा.